रंगूनची म्योमा शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला मंडालेचा तुरुंग आठवतो आणि रत्नागिरीचा थिबा पॅलेस. रंगूनमधल्या एका सरकारी शाळेबद्दल मराठीत कुणी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. मला ही शाळा फार महत्त्वाची वाटते. आपल्या मुलांनी काय शिकायचं हे कुणी ठरवायचं, यावर एका अख्ख्या देशाने भांडण केलं आणि त्या भांडणातून ती उभी राहिली. तिच्याविषयी बोलायला लागलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

ही शाळा नेमकी कोणती आणि आहे कुठे?

रंगूनच्या (आताच्या यांगूनच्या) डगॉन भागात. तिचं आजचं सरकारी नाव 'मूलभूत शिक्षण उच्च माध्यमिक शाळा क्रमांक २, डगॉन'. जुनं नाव 'म्योमा राष्ट्रीय हायस्कूल'. मुळात फक्त मुलग्यांची शाळा. ब्रिटिश काळातली तिची मुख्य इमारत शहराच्या जतन केलेल्या वास्तूंमध्ये गणली जाते. ज्या रस्त्यावर ती आहे त्याचं नावच 'म्योमा चाउंग लान', म्हणजे म्योमा शाळा रस्ता. सरकारने शाळेच्या फाटकावरचं नाव बदललं, रस्त्याच्या पाटीवरचं मात्र तसंच राहिलं. रिक्षावाल्याला 'म्योमा' सांगितलं तरी पुरतं.

'म्योमा' म्हणजे काय?

'म्यो' म्हणजे शहर. 'म्योमा' म्हणजे शहराचा मुख्य भाग, गावाचा गाभा. ब्रह्मदेशात गावोगावी म्योमा बाजार सापडतो, आपल्याकडे जशी प्रत्येक गावात एक मंडई असते तसा. म्हणजे नावात राजा नाही, साहेब नाही, संत नाही आणि देणगीदारही नाही. 'शहराची शाळा', एवढंच.

'चाउंग' हा शब्दही इथेच समजून घ्यावा. ब्रह्मी भाषेत शाळेला चाउंग म्हणतात आणि बौद्ध विहारालाही चाउंगच म्हणतात. दोन वेगळे शब्द करण्याची त्यांना कधी गरजच पडली नाही, कारण शेकडो वर्षं शाळा विहारातच भरत होती.

इंग्रज येण्याआधी तिथे शिक्षण कसं होतं?

गावातला मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की विहारात जायचा, भिक्खूंची कामं करायचा आणि पाटीवर अक्षरं गिरवायचा. ब्रह्मी मुळाक्षरं आपल्यासारखीच क, ख, ग या क्रमाने येतात, लिपीचं मूळ एकच. मुलं ती मोठमोठ्याने घोकतात: 'क-जी, ख-ख्वे…' 'क-जी' म्हणजे मोठा क. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत बाराखडीचा जो गलका व्हायचा, तोच हा. या विहारशाळांमुळे ब्रह्मदेशात लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषांचं प्रमाण उरलेल्या ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा बरंच जास्त होतं.

इंग्रजांनी त्यावर तीन थरांची रचना बसवली. तळाला देशी भाषेच्या शाळा, मध्ये इंग्रजी-देशी मिश्र शाळा, वर निव्वळ इंग्रजी शाळा. नोकरी वरच्या थरातून मिळायची. वरचा थर सरकारच्या आणि मिशनऱ्यांच्या हातात होता, फी परवडेल त्यालाच तिथे प्रवेश. गावातल्या विहारात शिकलेला हुशार मुलगा खालच्या पायरीवरच अडायचा.

१९२० मध्ये नेमकं काय घडलं?

ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता (तो वेगळा झाला १ एप्रिल १९३७ रोजी). रंगूनचं कॉलेज कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं. स्वतःचं विद्यापीठ हवं ही लोकांची जुनी मागणी होती. ते मिळालंही, पण ज्या कायद्याने मिळालं तो वाचून विद्यार्थी संतापले. सरकारी रंगून कॉलेज आणि बाप्टिस्ट मिशनचं जडसन कॉलेज एकत्र करून निवासी विद्यापीठ करायचं ठरलं होतं. निवासी म्हणजे वसतिगृहात राहणं सक्तीचं, म्हणजे खर्च जास्त. इंग्रजी कच्चं असेल तर आधी एक तयारीचं वर्ष काढायचं. आणि कारभारात ब्रह्मी लोकांना जेमतेम स्थान. शेतकऱ्याच्या मुलाला यातून एकच अर्थ कळत होता: हे विद्यापीठ तुझ्यासाठी नाही.

राजकीय राग आधीपासून साचलेला होताच. कारभारात लोकांना थोडा वाटा देणाऱ्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा उरलेल्या हिंदुस्थानला मिळाल्या, ब्रह्मदेशाला त्यातून वगळलं गेलं. त्याआधी 'बुटांचा प्रश्न' पेटला होता. युरोपियन लोक पायात बूट घालून पॅगोड्यात वावरायचे, त्याविरुद्ध बौद्ध तरुणांनी चळवळ केली आणि १९१९ मध्ये सरकारला हा निर्णय पॅगोड्याच्या व्यवस्थापकांवर सोडावा लागला. म्हणजे पॅगोडा ही अशी जागा झाली जिथे साहेबाची ऐट चालत नव्हती.

म्हणूनच विद्यार्थी पॅगोड्यातच जमले. ३ डिसेंबर १९२० रोजी श्वेडगॉन पॅगोड्याच्या नैऋत्य कोपऱ्यात अकरा विद्यार्थी बसले आणि बहिष्काराचा निर्णय झाला. विद्यापीठ १ डिसेंबरला सुरू झालं होतं. ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. चार दिवस! विद्यार्थी वसतिगृहं सोडून श्वेडगॉनच्या परिसरात आणि जवळच्या बहान भागातल्या विहारांत राहायला आले. लोकांनी त्यांना जेवण पुरवलं.

संपाला ब्रह्मी भाषेत 'थबेइ म्हाउ' म्हणतात. शब्दशः अर्थ: भिक्षापात्र पालथं घालणं. भिक्खूने पात्र पालथं केलं की तो त्या माणसाची भिक्षा नाकारतो, म्हणजे त्याला पुण्य मिळवायची संधीच देत नाही. त्या देशात याहून मोठा निषेध नाही. संपाला 'हरताळ' म्हणताना दुकान बंद दिसतं, 'थबेइ म्हाउ' म्हणताना पालथं पडलेलं काळं पात्र दिसतं. विद्यार्थ्यांनी सरकारला हेच सांगितलं: तुमचं दान आम्हाला नको.

पण हा तर कॉलेजचा संप. त्यातून हायस्कूल कसं निघालं?

संप कॉलेजपुरता राहिलाच नाही. थोड्याच दिवसांत सरकारी आणि मिशनऱ्यांच्या शाळांतली मुलंही बाहेर पडली, आधी रंगूनमध्ये आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत. आता ही मुलं घरी बसून काय करणार? कॉलेजचा तरुण वर्षभर थांबू शकतो, सातवीतला मुलगा थांबला तर त्याचं शिक्षण सुटतं. बहिष्कार घालणाऱ्यांनी हे ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पात्र पालथं घातल्यावर पोरांच्या पोटाची सोय करणंही त्यांनी आपलंच काम मानलं.

त्यातून 'अम्योदा चाउंग', म्हणजे राष्ट्रीय शाळा, निघाल्या. राष्ट्रीय शिक्षणासाठी एक मंडळ स्थापन झालं, गावोगावच्या लोकांनी वर्गण्या दिल्या, विहारांनी जागा दिल्या. संपात उतरलेले कॉलेजचे विद्यार्थीच मास्तर झाले. या लाटेत रंगूनला उभी राहिलेली सर्वांत नावाजलेली शाळा म्हणजे म्योमा.

शाळा चालवली कुणी?

म्योमा म्हटलं की जुने रंगूनकर मुख्याध्यापक ऊ बा ल्विन यांचं नाव घेतात. 'ऊ' हा आदराचा शब्द, मूळ अर्थ काका. मुख्याध्यापकाला ब्रह्मी भाषेत जो शब्द आहे त्याचा उच्चार जवळजवळ 'सयाजी' असा होतो: 'सया' म्हणजे शिक्षक, 'जी' म्हणजे मोठा. मराठी कानाला ते थेट आपल्या घरचं नाव वाटतं. योगायोगच आहे, पण गोड योगायोग आहे.

बौद्ध परंपरेत ब्रह्मी माणूस पाच गोष्टींना अनंत उपकारांचं स्थान देतो: बुद्ध, धम्म, संघ, आईवडील आणि शिक्षक. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यावर, थडिंजुतच्या दिव्यांच्या सणाच्या सुमारास, विद्यार्थी शिक्षकांपुढे गुडघे टेकून नमस्कार करतात. वयाची साठी उलटलेली माणसंसुद्धा वर्गमित्रांना गोळा करून आपल्या म्हाताऱ्या सयांच्या पाया पडायला जातात. अशा समाजात शाळेवरून भांडण होतं तेव्हा ते नुसतं नोकरीचं भांडण नसतं.

राष्ट्रीय शाळेत वेगळं काय शिकवायचे?

ब्रह्मी भाषा आणि साहित्य मुख्य विषय म्हणून. ब्रह्मदेशाचा स्वतःचा इतिहास. बौद्ध संस्कार. इंग्रजी आणि गणितही होतंच. 'इंग्रजी नको' असं त्यांचं म्हणणं नव्हतं. इंग्रजीच्या जोरावर आपली भाषा अडगळीत जाऊ नये, एवढंच होतं. रंगूनची परिस्थिती लक्षात घेतली तर ही तळमळ कळते. १९३१ च्या जनगणनेत त्या शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती हिंदुस्थानातून आलेल्यांची होती. कचेरीत इंग्रजी, बाजारात आणि गोदीवर हिंदुस्थानी, आणि ब्रह्मी माणूस आपल्याच राजधानीत पाहुणा.

बहानमध्ये एक राष्ट्रीय कॉलेजही काढलं होतं. थाकिन कोडॉ म्हाइंग यांच्यासारखा थोर साहित्यिक तिथे शिकवत होता. ते थोड्याच वर्षांत बंद पडलं. पैसा नव्हता आणि त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. शाळांचंही तसंच झालं. कित्येक मिटल्या, कित्येकांनी शेवटी सरकारी अनुदान घेतलं. अनुदान घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मास्तरांचे पगार थकले आणि पोरांना परीक्षेला बसता येईना, अशा वेळी शाळा जगवणं हाही एक लढाच असतो.

बाकीच्या राष्ट्रीय शाळांमधून कोण घडलं?

यादी थक्क करणारी आहे. स्वातंत्र्याचे नेते जनरल आंग सान येनांजाउंगच्या राष्ट्रीय शाळेत शिकले. इरावतीच्या खोऱ्यातल्या पंटानॉ नावाच्या गावच्या राष्ट्रीय शाळेत ऊ थांट मुख्याध्यापक होते. हेच पुढे १९६१ ते १९७१ संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. त्याच शाळेत काही काळ ऊ नू यांनीही काम केलं, जे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान.

मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती मंडालेच्या ऊ रझाक यांची. वडील तमिळ मुसलमान, आई ब्रह्मी बौद्ध. मंडालेच्या राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक. बौद्ध मुलांच्या पिढ्या त्यांनी घडवल्या आणि मंडालेत त्यांना सयाजी म्हणूनच मान होता. आंग सान यांच्या मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री झाले आणि १९ जुलै १९४७ रोजी बैठक चालू असताना आंग सान यांच्याबरोबरच त्यांनाही गोळ्या घालण्यात आल्या. 'राष्ट्रीय' म्हणजे फक्त एका धर्माचं, असं कुणी म्हणालं तर ऊ रझाक यांचं नाव सांगावं.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

आहे, आणि तो खरा आहे.

१९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये जी चतुःसूत्री गाजली ती लोकमान्य टिळकांनी घरोघरी नेली: स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. याच काळात प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय काढलं, जे तळेगावला नावारूपाला आलं आणि १९१० मध्ये सरकारने बंद पाडलं. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, ज्या तटबंदीच्या आत कधीकाळी थिबा राजाचा दरबार भरायचा तिथेच. राजा तेव्हा रत्नागिरीत कैदेत होता. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले आणि चारच महिन्यांनी रंगूनमध्ये 'बहिष्कार' आणि 'राष्ट्रीय शिक्षण' हे चतुःसूत्रीतले दोन शब्द पेटून उठले. टिळकांमुळे म्योमा शाळा निघाली असं मात्र मी म्हणणार नाही. ते तुरुंगात होते, ब्रह्मी समाजाशी त्यांचा संपर्क नव्हता. दोन्हीकडचं दुखणं एक होतं, म्हणून औषधही एकच सुचलं.

दुखणं देणारा माणूससुद्धा काही अंशी एकच होता! १९२० मध्ये ब्रह्मदेशचे लेफ्टनंट गव्हर्नर होते सर रेजिनाल्ड क्रॅडॉक. १९०७ ते १९१२ हेच क्रॅडॉकसाहेब नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, म्हणजे 'वंदे मातरम्'मुळे वऱ्हाड-नागपुरातल्या शाळा धुमसत होत्या त्या वर्षांत. शाळकरी मुलांचा राग त्यांनी नागपुरात पाहिला होता. रंगूनला त्यांनी तोच पुन्हा ओढवून घेतला.

मग नावाच्या जागी नंबर कधी आला?

१९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर खासगी आणि मिशनरी शाळा सरकारजमा झाल्या आणि शाळांना भागाचं नाव आणि क्रमांक मिळाला. ब्रह्मी लोक त्याचं संक्षिप्त रूप वापरतात: 'अ-थ-क (२) डगॉन'.

यात एक गोष्ट मला फार खुपते. डगॉनची 'क्रमांक १' शाळा म्हणजे पूर्वीचं मेथडिस्ट इंग्लिश हायस्कूल, मिशनऱ्यांचं, वरच्या वर्गातल्या मुलांचं. आंग सान सू ची तिथे शिकल्या. 'क्रमांक २' म्हणजे म्योमा, वर्गणीतून उभी राहिलेली. एक शाळा ज्या व्यवस्थेच्या टोकावर होती, दुसरी त्याच व्यवस्थेविरुद्ध उभी राहिली होती. आणि सरकारने त्यांना शेजारशेजारचे दोन आकडे दिले. खासगी शाळा बंद करून सर्वांना एकच शाळा देण्यामागे समतेचा विचार होता, हे मला मान्य आहे. पण आकड्यांमध्ये दोघींचाही इतिहास पुसला गेला.

आज तिथल्या मुलांचा दिवस कसा असतो?

ब्रह्मदेशातल्या सगळ्या सरकारी शाळांचा गणवेश एकच: वर पांढरं, खाली हिरवी लुंगी. मुलींच्या लुंगीची गाठ वेगळी, रंग तोच. शिक्षिकाही पांढऱ्या-हिरव्यातच. गालांवर थनाका, म्हणजे झाडाचं खोड सहाणेवर उगाळून केलेला पिवळसर लेप, आपल्या चंदनासारखा. खांद्याला कापडी पिशवी, हातात जेवणाचा डबा.

शाळेच्या शेवटची मॅट्रिक हा घराघराचा धसका. विषयात विशेष गुण मिळाले की त्याला 'गोंडू' म्हणतात, आणि सहाही विषयांत गोंडू मिळवणाऱ्याचं नाव मोहल्लाभर होतं. निकाल शाळेच्या फळ्यावर लागतो. त्या फळ्यापुढची गर्दी, पुढे घुसून बोटाने आपला नंबर शोधणारं पोर आणि मागे हात तोंडाशी धरून उभी आई: दहावीचा निकाल शाळेत जाऊन पाहिलेल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

१९८८ आणि २०२१ मध्ये शाळांचं काय झालं?

१९८८ च्या उठावात कॉलेजच्या तरुणांच्या मागोमाग हिरव्या लुंगीतली शाळकरी मुलंही रस्त्यावर आली, आणि त्यांच्यातलीही कित्येक परतली नाहीत.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर शिक्षक असहकारात उतरले. पांढरा-हिरवा गणवेश मोर्च्यांमध्ये दिसू लागला. शिक्षक संघटनेच्या म्हणण्यानुसार त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत सव्वा लाखाहून जास्त शिक्षक निलंबित झाले होते. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा लाखो पालकांनी मुलांची नावं घातलीच नाहीत. घोषणा होती: लष्करी गुलामीचं शिक्षण नको. मग पुन्हा तोच प्रश्न आला, घरी बसलेल्या पोरांचं काय, आणि पुन्हा तेच उत्तर निघालं. कुठे ऑनलाइन वर्ग, कुठे गावातल्या विहारात, कुठे जंगलात ताडपत्रीखाली शाळा. शिकवणारे असहकारातले मास्तर आणि अभ्यास अर्धवट सुटलेले कॉलेजचे विद्यार्थी. लष्कराचे हवाई हल्ले व्हायला लागल्यावर काही ठिकाणी शाळेशेजारी खंदक खणावे लागले.

राष्ट्रीय दिन म्हणजे यातलाच का?

हो. बहिष्कार सुरू झाला तो दिवस ब्रह्मदेशाचा राष्ट्रीय दिन आहे. तो इंग्रजी तारखेने पाळत नाहीत, तिथीने पाळतात: तझाउंगमोन महिन्याचा वद्य दशमीचा दिवस. एखाद्या देशाने शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांच्या संपाची तिथी राष्ट्रीय दिन म्हणून निवडावी, याचं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तिकडे गेलो तर काय पाहावं?

शाळा चालू आहे, तेव्हा रस्त्यावरूनच पाहावी. आत मुलं आहेत, आणि सध्याच्या दिवसांत तिथे परक्याने फोटो काढत फिरणं कुणाच्याच हिताचं नाही. श्वेडगॉनला मात्र जरूर जावं. चपला खाली काढून वर गेलात की प्रदक्षिणेच्या वाटेवर नैऋत्य कोपऱ्यात त्या अकरा विद्यार्थ्यांचा स्मृतिस्तंभ आहे. त्यावरचा मजकूर ब्रह्मी, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन अशा चार भाषांत कोरलेला आहे. लोक त्याच्यापुढून फुलं घेऊन पॅगोड्याकडे जातात, काही क्षणभर थांबतात.

आणि तिथी लक्षात ठेवायला सोपी आहे. तझाउंगमोन म्हणजे बहुतेक वर्षी आपला कार्तिक. आळंदीला माउलींच्या समाधीसाठी वारकरी जमतात ती कार्तिक वद्य एकादशी. रंगूनचा राष्ट्रीय दिन त्याच्या आदल्या दिवशी, फार तर एक-दोन दिवस मागेपुढे.